छात्राध्यापकाचा पाठ पाहताना: कुठं बसावं, काय टिपावं

बी.एड.च्या दोन वर्षांत आंतरवासितेचे, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाचे, 20 आठवडे असतात, त्यातले 16 दुसऱ्या वर्षी. एवढ्या दिवसांत छात्राध्यापकाच्या, म्हणजे या शिकाऊ शिक्षकाच्या, निरीक्षण वहीत मार्गदर्शक शिक्षकाचे शेरे कोणते पडतात? 'पाठ छान. फलकलेखन सुधारा. आवाज मोठा ठेवा.' उद्याच्या तासाला नेमकं काय बदलायचं, हे यातून कुणालाच कळत नाही.

आधी जागा बदला. शेवटच्या बाकावरून लेकरांच्या नुसत्या पाठी दिसतात. फळ्याजवळच्या बाजूच्या भिंतीला खुर्ची लावली की चेहरेही दिसतात आणि वह्याही.

आदल्या दिवशी त्याचं टाचण, म्हणजे पाठाची लेखी तयारी, वाचा. त्यातला 'पूर्वज्ञान' हा रकाना बहुतेक जण पाठ्यपुस्तक पाहून भरतात. बीडकडं दिवाळीच्या आगेमागे आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं लेकरू मार्च-एप्रिलात परततं. मधले घटक त्याचे राहूनच गेलेले असतात. म्हणून 'हे पूर्वज्ञान या वर्गात कुणाकुणाला नाही?' असं विचारून नावंच लिहून घ्या. मग उद्या एकच गोष्ट कोणती पाहायची, ते दोघांनी मिळून ठरवा.

समजा, प्रश्न कुणाला जातात ते पाहायचंय. कागदावर वर्गाची बैठक काढा, प्रत्येक लेकराला एक चौकोन. त्याला प्रश्न गेला की रेघ, त्यानं आपणहून विचारलं की फुली. सगळ्यांनी एका सुरात ओरडून दिलेलं उत्तर कोपऱ्यात वेगळं मोजा, कारण त्यात न समजलेलेही लपतात. 35 मिनिटांनी रेघा बहुधा पुढच्या बाकांवर आणि मधल्या ओळीत दाटलेल्या दिसतील.

प्रश्नानंतर छात्राध्यापक किती थांबला, तेही सेकंदकाट्यावर पाहा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या अभ्यासात शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. 3 सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, गप्प मुलंही बोलू लागली. बंजारा तांड्यावरच्या पहिली-दुसरीत तर आणखी थांबावं लागतं. घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलणाऱ्या लेकराला कधीकधी उत्तर येत असतं, प्रश्नाची मराठी अडते. तोच प्रश्न सोप्या शब्दांत, वस्तू दाखवून पुन्हा विचारायला सांगा.

तास चालू असताना मध्ये बोलू नका. फळ्यावर गणित चुकलं तर छात्राध्यापकाला चिठ्ठी द्या, दुरुस्ती त्यालाच करू द्या. नाहीतर लेकरं पुढचे आठवडे त्याच्याऐवजी तुमच्याकडं बघत बसतात.

चर्चा त्याच दिवशी, 15 मिनिटं, स्टाफरूमबाहेर. आधी त्याला बोलू द्या, मग बैठकीचा तो आराखडा पुढं ठेवून गप्प बसा. मोकळे चौकोन त्याचे त्यालाच दिसतात. सात सूचना दिल्या तर एकही पाळली जात नाही. एकच द्या, कोणत्या तासाला करून पाहणार ते लिहून घ्या आणि त्या तासाला हजर राहा.

सहकारी शिक्षकाचा पाठ पाहायचा तर आधी त्याला आपल्या वर्गात बोलवा. आणि तो आराखडा मुख्याध्यापकांच्या लॉगबुकात लावू नका, त्याच्याच हातात द्या.