सरकारी ई-रेकॉर्ड डिजिटल अर्काइव्हमध्ये कसं जपायचं

जुनी सिस्टिम बंद होणार असते आणि कोणीतरी एक हार्डडिस्क टेबलावर आणून ठेवतं, "यात ऑफिसचं सगळं आहे, जपून ठेवा" म्हणून. सरकारी ई-रेकॉर्डचं काम बऱ्याचदा असंच गळ्यात पडतं, त्यामुळे इथूनच सुरू करू.

ती डिस्क आपल्या रोजच्या पीसीला लावून फाइली उघडत बसू नका. नुसतं बघायला उघडलं तरी काही तारखा बदलू शकतात आणि उद्या कोर्टात कोणी विचारलं की ही फाइल तेव्हाचीच कशावरून, तर काय सांगणार? राइट-ब्लॉकर (डिस्क नुसती वाचू देणारं, तिच्यावर काहीही लिहू न देणारं उपकरण) लावून कॉपी घ्यायची, नेटवर्कपासून तोडलेल्या मशीनवर व्हायरस स्कॅन करायचा आणि काही आठवड्यांनी परत एकदा करायचा, कारण आज न सापडलेला व्हायरस अपडेट आल्यावर सापडतो.

मग प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ठसा, फाइल जराही बदलली की तोही बदलतो. तो काढायच्या पद्धतींपैकी एसएचए-२५६ घ्या. एसएचए-१ या जुन्या पद्धतीत दोन वेगळ्या फाइलींचा चेकसम सारखाच येऊ शकतो हे २०१७ मध्येच करून दाखवलंय, एमडी५ ही आणखी जुनी पद्धत तर त्याच्याही आधी मोडली होती. खरं म्हणजे डिस्क देणाऱ्या ऑफिसनेच ती हातातून सोडण्याआधी चेकसम काढायला हवा, नाहीतर वाटेत फाइल बिघडली तर आपण त्या बिघडलेल्या फाइलचाच चेकसम इमानदारीने सांभाळत बसतो. बॅगइट नावाची साधी पद्धत यासाठीच आहे, एका फोल्डरात फाइली आणि शेजारी चेकसमची यादी, बास.

आता जिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं तिकडे वळू, आणि ते टेक्निकल नाहीच. आदेशाची पीडीएफ व्यवस्थित जपलेली असते पण तो आदेश कुठल्या नस्तीतला (ऑफिसात एका विषयाचे सगळे कागद ज्यात असतात ती फाइल), त्याच्या आधी टिपणी कोणी लिहिली, वरच्या साहेबांनी काय शेरा मारला, कुठल्या पत्राला हे उत्तर, यातलं काहीच सोबत नसतं. मग तो नुसता कागद, पुरावा नाही. टिपणी, शेरे, जोडपत्रं, नस्ती क्रमांक, आधीच्या नस्तीचा संदर्भ, सगळं एकत्र यायला हवं. डेटाबेस असेल तर तक्त्यात "स्थिती ४" म्हणजे काय हे त्या सीटवरच्या माणसालाच माहीत असतं, तो बदलून किंवा रिटायर होऊन जायच्या आत गाठा आणि कोडची यादी लिहून घ्या. फोल्डरांची रचना कितीही गचाळ वाटली तरी नीटनेटकी करायला जाऊ नका, ऑफिस कसं चालत होतं ते त्या रचनेतूनच कळतं.

सगळंच ठेवायचं नसतं हेही आहे. जतनाची मुदत ठरलेली असते, मुदत संपलेलं मंजूर यादी करून नष्ट करायचं आणि ती यादी मात्र कायम ठेवायची. कोर्टकेस किंवा चौकशी चालू असेल तर त्या विषयाचं काहीही नष्ट करायचं नाही, मुदत संपली असली तरी.

फॉरमॅटचं बोलू. फाइलच्या एक्स्टेन्शनवर विश्वास नको, ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्ह्जचं ड्रॉइड हे मोफत टूल आतून बघून सांगतं की फाइल खरी कुठल्या प्रकारची आहे. टिपण्या, पत्रं यांच्यासाठी पीडीएफ/ए, म्हणजे दीर्घकाळ जपण्यासाठीची पीडीएफ, हे २००५ पासूनचं आयएसओ स्टँडर्ड आहे, यात फॉन्ट फाइलच्या आतच असतो. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी ज्यांनी दुसऱ्या मशीनवर उघडलंय त्यांना याचं महत्त्व सांगायला नको, सगळं इंग्रजी अक्षरांचं भरीत दिसतं. अशा फाइलींसाठी मूळ फाइल, तो फॉन्ट आणि युनिकोड प्रत तिन्ही ठेवा. एक्सेलची पीडीएफ केली की फॉर्म्युले गेले, म्हणून मूळ फाइल ठेवाच. ईमेल प्रिंट करून नको, अटॅचमेंट आणि हेडरसकट (कोणी, कोणाला, कधी पाठवलं ती माहिती) ईएमएल किंवा एमबॉक्स या ईमेलच्या फॉरमॅटमध्ये घ्या. डेटाबेससाठी स्विस फेडरल अर्काइव्ह्जने बनवलेला सिआर्ड (SIARD) फॉरमॅट, वेबसाइटसाठी वॉर्क (WARC) फॉरमॅट. आणि काहीही कन्व्हर्ट केलं तरी मूळ फाइल कधीच डिलीट करायची नाही.

डिजिटल सहीचं इथेच फसतं. सही केलेली फाइल कन्व्हर्ट केली की नव्या प्रतीत ती सही लागू राहत नाही, आणि सही कोणाची ते सांगणाऱ्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदतही काही वर्षांत संपते. त्यामुळे फाइल ताब्यात घेतानाच सही तपासायची, कोणाची, कधीची, वैध होती का ते मेटाडेटात, म्हणजे फाइलबद्दलच्या माहितीत, नोंदवायचं. पासवर्ड लावलेल्या फाइली आल्या तर परत पाठवा आणि पासवर्ड काढून मागा, नंतर तो कोणालाच आठवत नाही.

साठवणीला तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. ऑटो-सिंक म्हणजे दुसरी प्रत नव्हे, इकडे डिलीट झालं की तिकडेही होतं. डेटा साठवायची मॅग्नेटिक टेप वापरत असाल तर ती वाचणाऱ्या ड्राइव्हची पिढी बघा, एलटीओ या प्रकारच्या टेपचा एलटीओ-७ (सातव्या पिढीचा) ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या टेप वाचायचा, एलटीओ-८ एकच मागची वाचतो, म्हणजे टेप ठणठणीत आणि वाचायला मशीन नाही असं होऊ शकतं. क्लाउड घेताना करार संपल्यावर डेटा मेटाडेटासकट परत कसा मिळणार ते आधीच लिहून घ्या. चेकसम ठरावीक काळाने परत जुळवा आणि अधूनमधून एखादी नस्ती खरंच रिस्टोअर करून उघडून बघा. कोणी काय केलं, कधी केलं, त्या प्रत्येक गोष्टीची नोंद पडायला हवी, प्रेमिस नावाचं मेटाडेटा स्टँडर्ड यासाठी तयार आहे.

लोकांना बघायला द्यायची प्रत वेगळी काढायची, जपलेली मूळ प्रत वाचकाच्या हातात द्यायची नाही. त्या प्रतीत खाजगी माहिती झाकताना पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवून भागत नाही, खालचा मजकूर सिलेक्ट करून कॉपी-पेस्ट होतो. मजकूर खरोखर काढून टाकणारं टूल वापरा, मग स्वतः सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा, फाइलच्या प्रॉपर्टीत कोणाचं नाव राहिलंय का तेही बघा, आणि मगच फाइल बाहेर सोडा.