फारसीत 'शोदन' लावताना या चुका टाळा

मराठी माणसाला फारसी सोपी जाते म्हणतात, कर्ता-कर्म-क्रियापद क्रम सारखाच, लिंगाची भानगड नाही, पण कर्मणी आलं की आपलं मराठी डोकं आडवं येतं. 'मी पत्र लिहिलं' मध्ये आपलं क्रियापद पत्राच्या मागे जातं, फारसीत ते कर्त्याला सोडत नाही, 'मन नामे रा नेवेश्तम', शेवटचा 'म' म्हणजे मी. कर्मणी करायचं तर 'नामे नेवेश्ते शोद', म्हणजे पत्र लिहिलं गेलं: नेवेश्ते म्हणजे लिहिलेलं, आणि शोद हे 'शोदन' (होणं) या क्रियापदाचं भूतकाळी रूप. इथे बरेच जण कर्मामागचा 'रा' (आपल्या 'ला'सारखा) तसाच ठेवतात, तो काढा, पत्र आता कर्ता झालंय ना!

दुसरी चूक वर्तमानकाळात. फडणवीस, चिटणीस यातलं 'नवीस' म्हणजे 'नेवीस', वर्तमानकाळाचा धातू, म्हणून लोक 'नेवीसे मीशवद' करून टाकतात. काळ कुठलाही असो, नेवेश्ते तेच राहतं, बदलतं फक्त शोदन: नेवेश्ते मीशवद, नेवेश्ते शोद. नकारही शोदनलाच, नेवेश्ते नशोद. (लग्नाचा 'बस्ता' पण याच जातीचा, बस्ते म्हणजे बांधलेलं किंवा बंद केलेलं, आणि शादीशुदातला शुदा म्हणजे हेच 'शोदे'.)

जोडक्रियापदांत मात्र खरी गंमत आहे. तमीज कर्दन म्हणजे साफ करणं, त्याचं 'तमीज कर्दे शोद' करू नका, कर्दन उडवून नुसतं 'तमीज शोद'. आणि काही ठिकाणी तर शोदन पण नाही, चक्क खाणं! कोतक जदन म्हणजे मारणं, कोतक खोर्दन म्हणजे मार खाणं, आता हे मराठी माणसाला वेगळं शिकवायला नको. तसंच शेकस्त दादन म्हणजे हरवणं आणि शेकस्त खोर्दन म्हणजे हरणं.

अजून एक, आपण 'च्याकडून' शोधत बसतो आणि प्रत्येक वाक्यात 'तवस्सोते' (म्हणजे च्याकडून) घुसडतो. बातम्यांत, सरकारी कागदांत ते चालतं, पण फारसीला कर्मणीत करणाऱ्याचं नाव घ्यायची फार हौस नाही. १८५२ मध्ये इराणातल्या काशानच्या फीन हमामात (स्नानगृहात) शाहचा वजीर राहिलेला अमीर कबीर मारला गेला, ते 'अमीर कबीर कोश्ते शोद' एवढ्यावर भागतं, शाहचा उल्लेख हवाच असेल तर 'बे दस्तूरे नासेरोद्दीन शाह', म्हणजे शाहच्या हुकमावरून.

आणि बोलताना तर कर्मणी शक्यतो टाळाच, गाडी चोरीला गेली तर इराणी माणूस सरळ 'माशीनम रो दोज्दीदन' म्हणतो, 'गाडी चोरली हो माझी' (रो म्हणजे बोलीतला 'रा', दोज्दीदन म्हणजे इथे 'त्यांनी चोरली'), कोणी ते पोलीस बघतील.