जपानी कंपनीत नवी कल्पना थेट मीटिंगमध्ये मांडू नका

नागोयाजवळच्या एका कारखान्यात नवा होतो तेव्हा एकोणीस स्लाइड घेऊन मीटिंगमध्ये उभा राहिलो. सुट्या भागांचे खोके तिरके ठेवले तर कामगाराला वाकावं लागत नाही, एवढंच सांगायचं होतं. कुणी विरोध केला नाही. काचोंनी, म्हणजे आमच्या सेक्शनच्या साहेबांनी, दातांतून 'स्स्स' करत हवा आत ओढली आणि म्हणाले, ''मुझुकाशी देस ने.'' अवघड आहे. मी खूश! पुण्यात 'अवघड आहे' म्हटलं की आपण पेटून उठतो. इथे त्याचा अर्थ 'नाही'. 'केन्तो शिमास', विचार करतो, याचाही बहुतेकदा तोच.

तेव्हा आधी नेमावाशी करा. शब्द माळीकामातला आहे. मोठं झाड हलवायचं तर माळी कितीतरी आधी बुंध्याभोवती खणतो, जाड मुळं छाटतो, बारीक मुळं फुटू देतो, मग झाड उचलतो. तसंच मीटिंगआधी एकेकाला गाठायचं. सुरुवात साहेबांपासून नको. ज्याचे हात त्या कामात आहेत त्याच्यापासून करा. मी लाइनवरच्या एका बाईंकडे गेलो. त्यांनी हातमोजा काढला, खोक्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं: एवढा उतार दिला तर वॉशर घरंगळून बाहेर येतील. मग पुठ्ठ्याची पट्टी कापून टेपने कडेला चिकटवूनही दाखवली. माझ्या एकोणीस स्लाइडमध्ये हे कुठेच नव्हतं.

मग मेंटेनन्स, क्वालिटी आणि रात्रपाळी. रात्रपाळी हटकून विसरली जाते.

कागद एकच, ए-३ आकाराचा. आणि पेन्सिलीने लिहिलेला. छापील कागदावर खाडाखोड करायला लोक संकोचतात. सूचना छोटी म्हणून लाजू नका. टोयोटात कामगारांच्या सूचनांची योजना १९५१ पासून चालू आहे.

शेवटी रिंगिशो, म्हणजे मंजुरीचा कागद. तो खालून वर टेबलाटेबलावरून फिरतो, प्रत्येक जण त्यावर आपला हानको, म्हणजे नावाचा शिक्का, उमटवतो. आता बऱ्याच ठिकाणी हे संगणकावर होतं. काही ऑफिसांत हाताखालचा माणूस आपला शिक्का साहेबांच्या शिक्क्याकडे जरा कलता मारतो, वाकून नमस्कार केल्यासारखा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो होतो. पुढे मीही तसाच मारला.

नोमिकाईला, म्हणजे ऑफिसनंतरच्या पिण्याच्या बैठकीला, जा. पीत नसाल तर उलाँग चहा मागवा, कुणी काही म्हणत नाही.

दुसऱ्या मीटिंगमध्ये मी जेमतेम आठ मिनिटं बोललो. कागदावर सुचवणाऱ्यांत पहिलं नाव त्या बाईंचं होतं. पुठ्ठ्याच्या पट्टीच्या जागी आता पत्रा आलाय.