सोशल मीडियावर फोटो आणि चित्रं टाकताय? या चुका टाळा

‘आता सोशल मीडियावर काम टाकून काही फायदा उरलाय का?’ फोटोग्राफर विचारतात, चित्रकार विचारतात, आणि विचारतानाच बहुतेकांनी उत्तर ठरवलेलं असतं: नाही. पोस्ट कुणाला दिसत नाही, रील नसेल तर कुणी ढुंकून बघत नाही, आणि टाकलेलं काम एआयच्या प्रशिक्षणाला जातं ते वेगळंच. यातली एकही तक्रार खोटी नाही. तरी माझं उत्तर ‘फायदा आहे’ असंच आहे, कारण मी समोरच्या बाजूला बसते. पुस्तकं आणि मासिकांसाठी फोटो-चित्रं शोधणं हे माझं काम. नवा माणूस मला आजही बहुतेक वेळा सोशल मीडियावरच सापडतो. सापडतो आणि हातचा निसटतो. दर वेळी कारणं तीच. तीच ती कारणं बघून कंटाळले, म्हणून लिहिते आहे.

नाव नाही, पत्ता नाही, कॅप्शनही नाही

एका पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी पाणपक्ष्यांची शाईतली रेखाटनं हवी होती. शोधता शोधता एका खात्यावर बगळा दिसला. एका पायावर उभा, मान आखडून घेतलेली, आणि खालचं प्रतिबिंब तीन-चार तुटक फटकाऱ्यांत संपवलेलं. पाणी काढलेलंच नव्हतं, तरी दिसत होतं. लेखकाला दाखवलं, तोही हरखला. मग मी चित्रकाराचा माग काढायला लागले.

खात्याचं नाव म्हणजे काही अक्षरं आणि आकडे. परिचयात एक सुविचार आणि इमोजी. चित्रांखाली कुठे फुलपाखरू, कुठे काहीच नाही. ईमेल नाही, वेबसाइट नाही, चित्रावरची सही वाचता येईना. चित्रावरून शोध घेतला तर तोच बगळा आणखी चार ठिकाणी, बिननावाने चिकटवलेला. मेसेज केला. अनोळखी माणसाचा मेसेज सरळ इनबॉक्समध्ये जात नाही, ‘रिक्वेस्ट’च्या कप्प्यात जाऊन पडतो. माझाही तिथेच पडला. शेवटी चित्राखाली कमेंट टाकली, ‘कामासंबंधी मेसेज केला आहे, कृपया बघा.’ कमेंटला लाइक आला. उत्तर नाही. छपाईची तारीख कुणासाठी थांबत नाही, मुखपृष्ठ दुसऱ्या चित्रकाराकडे गेलं. पुस्तक दुकानात आल्यावर मला उत्तर मिळालं: ‘सॉरी, मेसेज आत्ता पाहिला. काम अजून आहे का?’

या माणसाची अशी आणखी किती कामं हुकली असतील हे त्यालाही कळणार नाही, कारण सगळेच काही इतका पिच्छा पुरवत नाहीत. नाव दिसलं नाही की लोक पुढच्या खात्यावर जातात.

मला खात्यावर काय दिसायला हवं ते सांगते. खरं नाव, आणि तेही ‘नाव’ या रकान्यात, कारण इन्स्टाग्रामचा शोध तो रकाना बघतो. नावापुढे काय करता ते दोन शब्दांत: ‘शाई रेखाटनं’, ‘वन्यजीव फोटो’. ईमेल, आणि तो उघडून वाचण्याची सवय. रिक्वेस्टचा कप्पा आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी उघडायचा, मग मूड असो वा नसो. कॅप्शनमध्ये काय आहे, कशात केलंय, किती मोठं आहे, विक्रीला आहे की गेलं, एवढं लिहिलंत तरी पुरे. कविता सुचली तर तीही लिहा, पण या माहितीच्या नंतर.

‘काम बोललं पाहिजे, आपण नाही’ असं मला ऐकवणारे बरेच भेटतात. काम बोलतंच हो. पण पत्ता ते सांगत नाही.

पोहोच वाढावी म्हणून काम बदलणं

इन्स्टाग्रामने पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवणं सोडायचं ठरवलं ते २०१६ मध्ये. २०२० मध्ये रील्स आले. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी ‘आम्ही आता फक्त फोटो शेअर करण्याचं अ‍ॅप राहिलेलो नाही’ असं स्वतःच जाहीर केलं. म्हणजे स्थिर चित्र टाकणाऱ्याची पोहोच घटली हा भास नाही. धोरणच तसं झालं.

यावर नवशिके काय करतात? एक वर्ष दम धरत नाहीत आणि चालणाऱ्या खात्यांची नक्कल सुरू करतात. शांत, करड्या रंगांत निसर्ग टिपणारी मुलगी अचानक नारिंगी-निळ्या सूर्यास्तांवर येते. चांगला जलरंग करणारा माणूस कॅमेऱ्याला दिसावा म्हणून ब्रश जोरात आपटायला लागतो. लाइक्स वाढतात, ते खोटं नाही. पण मी खातं उघडते तेव्हा मला तिथे कोण आहे तेच कळत नाही. ‘नव्वद दिवसांत दहा हजार फॉलोअर’ छापाचे कोर्स विकणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी. ते ज्याला हात लावतात ते खातं दुसऱ्या खात्यासारखं दिसायला लागतं.

निवड करताना फॉलोअरचा आकडा मी बघत नाही. एकाच विषयावरची दहा-बारा चांगली कामं आहेत का, ते बघते. एक अप्रतिम फोटो नशिबाने मिळतो. बारा फोटो नशिबाने मिळत नाहीत. आणि मला काम सोपवायचं असतं, म्हणजे तेरावा फोटो मिळेल याची खात्री हवी असते.

व्हिव्हियन मायरचं उदाहरण मी नेहमी देते. आयुष्यभर मुलं सांभाळण्याची नोकरी करत तिने रस्त्यावरचे फोटो काढले आणि जवळपास कुणालाच दाखवले नाहीत. २००७ मध्ये तिच्या निगेटिव्ह लिलावात गेल्या. त्या विकत घेणाऱ्यांपैकी जॉन मॅलूफ यांनी २००९ मध्ये काही फोटो फ्लिकर या फोटो टाकण्याच्या वेबसाइटवर टाकून ‘यांचं काय करू?’ असं विचारलं आणि गाजावाजा तिथून सुरू झाला. तोपर्यंत ती गेली होती. लोक हे उदाहरण व्हायरल होण्याचं म्हणून सांगतात. मला त्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. ते फोटो फोटोवाल्या लोकांच्या गप्पांत पडले. आणि मागे एक लाखाहून जास्त निगेटिव्ह होत्या, म्हणून बघणाऱ्याला दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, दहा वर्षांनीही नवं काही बघायला मिळालं.

तेव्हा रील करायचं तर करा, पण कामाच्या सवयीतून निघेल ते करा. पेपर ताणून बसवताना, प्रिंट ट्रेमधून बाहेर येताना. त्यासाठी विषय बदलू नका.

खात्यालाच संग्रह समजणं

माझ्या ओळखीचा एक वन्यजीव फोटोग्राफर होता. होता म्हणजे माणूस आहे, खातं गेलं. ‘तुमच्या पोस्टने कॉपीराइटचा भंग झाला आहे, २४ तासांत हरकत नोंदवा’ असा मेसेज आला, अधिकृत वाटेल अशा चिन्हासकट. तो घाबरला, लिंकवर गेला, पासवर्ड टाकला. संध्याकाळपर्यंत खात्यावर भलत्याच कुणाच्या जाहिराती सुरू झाल्या, पुढे खातं बंदच झालं. तक्रारीला यंत्राने पाठवलेली ठरावीक उत्तरं आली.

खरा घोटाळा पुढे कळला. त्याच्या मूळ फाइल एकाच हार्ड डिस्कवर होत्या आणि ती आधीच बंद पडली होती. ‘खात्यावर आहेतच की’ म्हणून त्याने ते मनावर घेतलं नव्हतं. त्याच्या एका घुबडाच्या फोटोसाठी मी दोन पानं राखून ठेवली होती. फोनच्या गॅलरीत उरलेली प्रत त्याने पाठवली, ती १०८० पिक्सेल रुंद. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे हा फोटो चांगला छापला जाईल तो जेमतेम नऊ सेंटिमीटर रुंदीचा. दोन पानांवर ताणला तर पिसांचा नुसता लगदा. घुबड एका कोपऱ्यात छोटं छापलं. त्याने रात्री जागून काढलेल्या फोटोचं तेवढंच उरलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

हे फक्त चोरांमुळे होतं असं नाही. गूगल प्लसवर फोटोग्राफरांची मोठी वस्ती होती, ते सामान्य वापरकर्त्यांसाठी एप्रिल २०१९ मध्ये बंद झालं. त्याच वर्षी मायस्पेसने सर्व्हर हलवताना जुनी गाणी, फोटो, व्हिडिओ गमावल्याचं कबूल केलं. फ्लिकरने २०१८ मध्ये फुकट खात्यांवर १००० फोटोंची मर्यादा जाहीर केली. २०२५ च्या जानेवारीत इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरचे चौकोन उभे आयताकृती केले, आणि नऊ चौकोन जोडून एक मोठं चित्र मांडणाऱ्यांची मांडणी एका रात्रीत विसकटली.

मी सगळ्यांना जे करायला लावते ते असं: मूळ फाइलच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी) चालू, आणि तिचे राखीव कोड कागदावर. काम आधी स्वतःच्या वेबसाइटवर, मग सोशल मीडियावर. वेबसाइट साधी असली तरी चालेल, मला तिथे मोठी चित्रं आणि ईमेल एवढंच लागतं. आणि ज्यांनी कधी काही विकत घेतलं किंवा मनापासून विचारणा केली, त्यांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने लिहून ठेवा. अ‍ॅप बंद पडलं तर फॉलोअर जातात, ही यादी तुमच्याकडे राहते.

खातं सुरू करताना यातलं काहीच नको असतं, कारण यात लाइक नाही. मला मान्य आहे. तरी करा.

थोडक्यात आवरते

फाइल आहे तशी ढकलू नका. अ‍ॅप ती स्वतःच्या पद्धतीने लहान करतं आणि दाबतं, त्यात बारीक रेघांचं शेडिंग चिखल होतं. रंग एसआरजीबी या पडद्यासाठीच्या रंगपद्धतीत आणा, उभं चित्र १०८० बाय १३५० करा, लहान केल्यानंतर थोडं शार्प करा आणि फोनवर बघून मगच टाका. रेखाटन असेल तर दुसऱ्या स्लाइडला एका कोपऱ्याचा क्लोजअप द्या.

फॉलोअर विकत घेऊ नका. वीस हजार फॉलोअर आणि अकरा लाइक्स बघून काय ते कळतं.

चेहऱ्यावर आडवा वॉटरमार्क नको. कोपऱ्यात वाचता येईल असं नाव पुरतं.

घरट्याचं, दुर्मीळ फुलाचं नेमकं ठिकाण कधीही टाकू नका. लाइकसाठी पिल्लं मरतात, यात मला तडजोड मान्य नाही.

स्पर्धेला पाठवायचा फोटो टाकण्याआधी नियम वाचा. काही स्पर्धांना पोस्ट झालेला फोटो चालत नाही.

हक्क आणि एआय: ऐकीव माहितीवर विसंबणं

‘माझे फोटो वापरायला मी परवानगी देत नाही’ असा मजकूर कॉपी-पेस्ट करण्याची लाट फेसबुकवर २०१२ पासून येते आहे. २०२४ मध्ये ती ‘गुडबाय मेटा एआय’ या नावाने आली (मेटा म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी). या पोस्टने काहीही होत नाही. खातं उघडताना जे मान्य केलं तेच लागू राहतं.

उलट टोकाची समजूतही तितकीच चुकीची: ‘एकदा टाकलं की हक्क गेले.’ जात नाहीत. कॉपीराइट तुमचाच राहतो. अ‍ॅपला तुम्ही फुकट वापराचा परवाना देता, तो बराच मोठा असतो, पण वाटेल त्या तिसऱ्याला तो मिळत नाही. फोटोग्राफर डॅनियल मोरेल यांनी जानेवारी २०१० मध्ये हैतीतल्या भूकंपाचे फोटो ट्विटरवर टाकले. एएफपी या वृत्तसंस्थेने ते उचलले, गेटी या फोटो पुरवणाऱ्या कंपनीमार्फत पुढे गेले. ट्विटरवर होते म्हणून वापरले, हा बचाव न्यायालयात टिकला नाही आणि २०१३ मध्ये ज्यूरीने मोरेल यांना १२ लाख डॉलर देवविले.

एआयचं वेगळं आहे. सार्वजनिक पोस्ट प्रशिक्षणासाठी वापरतो हे मेटाने उघड सांगितलेलं आहे. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांची ग्लेझ आणि नाइटशेड ही साधनं चित्रात डोळ्यांना सहज न दिसणारे बदल करतात: ग्लेझ शैलीची नक्कल अवघड करतं, नाइटशेड त्या चित्रावर शिकणाऱ्या एआयचं प्रशिक्षण बिघडवतं. वापरा, पण ते कायमचं कवच आहे असं ती बनवणारेही म्हणत नाहीत. जे काम कुठल्याही यंत्राला मिळू नये असं मनापासून वाटतं, ते सार्वजनिक टाकूच नका. त्यासाठी प्रदर्शन आहे, छापील पुस्तक आहे.

आणि कच्ची रेखाटनं, रॉ फाइल (कॅमेऱ्यातून निघालेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), फसलेले प्रयत्न फेकून देऊ नका. यंत्राने काढलेली चित्रं इतकी यायला लागली आहेत की नव्या माणसाचं काम घेण्याआधी मी आता पेन्सिलचा आराखडा किंवा रॉ फाइल मागतेच. कित्येक जण इथे अडतात, आणि प्रामाणिक माणसंही अडतात, कारण त्यांनी ते जपलेलं नसतं. पूर्ण झालेल्या चित्राच्या मागच्या स्लाइडला त्याचा आराखडा लावलेला असेल तर मला विचारावंही लागत नाही.