काथ्याच्या हौदातील सांडपाणी सूक्ष्मजीवांकडून कसे शुद्ध करावे

काथ्या काढण्यासाठी नारळाचे सोडण हौदात कुजवतात, तेव्हा धाग्यांना एकमेकांशी चिकटवून ठेवणारे पेक्टिन जिवाणू खाऊन टाकतात. त्याच वेळी टॅनिन, फिनॉल वर्गातील द्रव्ये आणि सेंद्रिय आम्ले पाण्यात उतरतात, आणि मागे तपकिरी, उग्र वासाचे पाणी उरते. हे पाणी खाडीत सोडले, तर तेथील जिवाणू ही द्रव्ये खाताना पाण्यातील विरघळलेला प्राणवायू संपवतात आणि मासे तडफडतात. केरळच्या कायलांनी, म्हणजे किनाऱ्यालगतच्या सरोवरांनी, हे पुष्कळ भोगले आहे. जे खाणे खाडीत व्हायचे, ते आपल्या टाकीत आधीच उरकून घ्यावे, एवढेच या पद्धतीचे तत्त्व आहे.

सुरुवात हौदापासून करावी. सोडणे शक्यतो खाडीच्या नव्हे, तर गोड्या पाण्यात भिजवावीत. खाऱ्या पाण्यात सल्फेट भरपूर असते, ते खाणारे जिवाणू मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांशी अन्नासाठी स्पर्धा करतात आणि त्यातून सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. शिवाय मीठ कोणताही सूक्ष्मजीव खाऊन संपवत नाही. हौदातून निघालेले पाणी जाळीतून गाळून भुसा वेगळा काढावा आणि एका साठवण टाकीत एकत्र करावे, म्हणजे रोज सारख्याच ताकदीचे पाणी पुढे जाईल.

त्यानंतर प्रयोगशाळेतून सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) आणि सीओडी, म्हणजे पाण्यातील द्रव्यांच्या ऑक्सिडीकरणास लागणाऱ्या प्राणवायूचे माप, तपासून घ्यावे. समजा, रोज 1,000 लिटर पाणी निघते आणि सीओडी लिटरमागे 3,000 मिलिग्रॅम आहे. तर जिवाणूंना रोज 3 किलो खाद्य मिळते. या खाद्यात नत्र व स्फुरद सहसा कमी पडतात. हवाबंद टाकीसाठी सीओडी, नत्र व स्फुरद यांचे प्रमाण साधारण 350:5:1 धरतात, त्या हिशेबाने रोज सुमारे 75 ग्रॅम युरिया आणि 40 ग्रॅम डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट खत) विरघळवून घालावे. तपासणीत ही द्रव्ये पाण्यात आधीच आढळली, तर तेवढी कमी करावीत.

आता मुख्य टाकी. एवढ्या पाण्यासाठी 8 ते 10 घनमीटरची, आत आडभिंती असलेली बंद टाकी बांधावी आणि तिचा एक तृतीयांश भाग चालू गोबरगॅस संयंत्रातील रबडीने भरावा. हे आपले विरजण. पुढे घाई केली की सगळे बिघडते, कारण आम्ल तयार करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि ते आम्ल खाऊन मिथेन बनवणारे फार सावकाश. म्हणून पहिल्या आठवड्यात रोज 100 लिटरच पाणी सोडावे, सामू 6.8 ते 7.4 च्या दरम्यान टिकला, तरच पुढच्या आठवड्यात तेवढीच भर घालावी. सामू 6.5 च्या खाली उतरला, तर पाणी सोडणे थांबवावे आणि चुन्याची निवळी थोडी थोडी घालून वाट पाहावी. पूर्ण क्षमतेला पोहोचायला दोन-तीन महिने लागतात, आणि ते द्यावेच. नासलेल्या टाकीला आंबट, मळमळणारा वास येतो. नीट चाललेल्या टाकीत वायूचे बारीक बुडबुडे सतत वर येत राहतात. वायू नळीने बाहेर काढून जाळावा, टाकीजवळ विडी-काडी नसावी आणि रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही कोणी उतरू नये. तेथे क्षणात जीव जातो.

बंद टाकीतून आलेल्या पाण्यात थोडे खाद्य उरते. ते उघड्या टाकीत ब्लोअरने हवा देऊन संपवावे. विरघळलेला प्राणवायू लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या आसपास राखावा. येथील विरजण म्हणून एखाद्या चालू मैलाशुद्धीकरण केंद्रातील गाळ आणावा. या टाकीतले लिटरभर पाणी उभ्या मोजपात्रात अर्धा तास स्थिर ठेवून पाहावे: तपकिरी गोळे तळाशी बसून वर नितळ थर दिसला, तर जिवाणू निरोगी आहेत. पुढे निवळण टाकीत खाली बसलेला गाळ फेकू नये, तो हवेच्या टाकीत परत सोडावा. 1914 साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी हा गाळ राखून ठेवण्याचे महत्त्व दाखवले, आणि आजची मोठी केंद्रेही त्यावरच चालतात.

एवढे करूनही पाण्याला कोऱ्या चहासारखी छटा राहते. तिने निराश होऊ नये. लिग्निन व टॅनिनचा रंग जिवाणूंना सहजी पचत नाही, आणि शुद्धता रंगावरून नव्हे, तर तपासणीवरून ठरते. शेवटी हे पाणी खडी भरलेल्या, कर्दळ लावलेल्या वाफ्यातून संथपणे न्यावे. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण निकषांनुसार सिंचनासाठी बीओडी, म्हणजे जिवाणूंना पाण्यातील द्रव्ये खाताना लागणाऱ्या प्राणवायूचे माप, लिटरमागे 100 मिलिग्रॅमपर्यंत, तर नदी-नाल्यात सोडण्यासाठी 30 पर्यंत चालतो, सामू 5.5 ते 9 हवा. मात्र राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात जी मर्यादा असेल, ती पाळावी. क्षार तपासून पाणी माडांना द्यावे.

जाळीवर अडकलेला भुसा आणि साचलेला जादा गाळ एकत्र करून त्यावर धिंगरी अळंबीचे बीज पसरावे. ही अळंबी लिग्निन पचवते, त्यामुळे भुशाचे कंपोस्ट होऊन तेही माडांच्या आळ्यात घालता येते.