बारकॅम्पच्या विकीवर नाव टिकत नव्हतं: माझा अनुभव

लक्षण: बारकॅम्प म्हणजे सहभागींनीच विषय मांडायचं खुलं संमेलन. त्याच्या मीडियाविकीवरच्या (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) सहभागींच्या यादीत नाव आणि आपण मांडणार तो विषय लिहून जतन केलं, तरी पान पुन्हा उघडल्यावर नाव गायब. ही यादी हीच नोंदणी, दुसरा फॉर्म नाही.

ब्राउझर बदलला, कॅशे पुसली, नवं खातं काढलं. दोन संध्याकाळी फुकट गेल्या.

कारण होतं ओळीतला वेबसाइटचा दुवा. नव्या खात्याने बाहेरचा दुवा टाकला की कॅप्चा (आपण यंत्र नाही हे दाखवण्यासाठी सोडवायचं कोडं) येतो, तोही मजकुराच्या चौकटीच्या वर. नजर खालच्या बटणावर असते आणि जतन झालेलंच नसतं.

चाललेला क्रम असा: लॉगिन करा. पूर्ण पान न उघडता 'सहभागी' मथळ्याशेजारचं 'संपादन' दाबा. शेवटच्या नावाखाली नवी ओळ, सुरुवातीला तारांकन, मग नाव आणि विषय, दुवा नको. जतन करा. पान वर सरकवून पाहा, कॅप्चा असेल तर भरून पुन्हा जतन करा. मग 'इतिहास' उघडा. तिथे आपली नोंद दिसली तरच काम झालं. दुवा नंतर वेगळ्या संपादनात टाका.

दोघांनी एकाच वेळी संपादन केल्याची सूचना आली, तर वरच्या चौकटीत फक्त आपली ओळ घाला. खालच्या चौकटीतला आपला सगळा मजकूर वर चिकटवलात तर मधल्या वेळात आलेल्यांची नावं पुसली जातात.