हेलिकॉप्टरमधून फोटो काढायचेत? एका कॅमेऱ्यावर एकच लेन्स ठेवा

नाशिकचं गंगापूर धरण, ब्रह्मगिरी, द्राक्षबागा वरून टिपायच्या म्हणून मी हौसेने १६-३५ मिमीची वाइड (जास्त रुंद दृश्य टिपणारी) लेन्स नेली. घरी येऊन पाहतो तर निम्म्या फोटोंत पंख्याचं पातं किंवा खालचा दांडा!

आता फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४-७० मिमीची लेन्स लावतो आणि बहुतेक फोटो ३५ मिमीच्या पुढेच घेतो. अंजनेरीचा कडा जवळून हवा असेल तर ७०-२००, तीही दुसऱ्या कॅमेऱ्यावर. हवेत लेन्स बदलायच्या भानगडीत पडू नका. धूळ तर जातेच, हातातून निसटली तर संपलंच.

१. शटरचा वेग १/१००० सेकंदापेक्षा कमी नको. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल.
२. कोपर किंवा लेन्स खिडकीला टेकवू नका, सगळी थरथर फोटोत उतरते.
३. काच बंद असेल तर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) काढा, नाहीतर रंगीत पट्टे येतात. अंगात काळा शर्ट हवा, पांढरा काचेत दिसतो.
४. दार उघडं असेल तर हूड (लेन्सपुढचं झाकणासारखं कडं) काढून ठेवा, पट्टा अंगाला बांधा.

देवळाली, ओझर हे लष्कराचे आणि हवाई दलाचे भाग. हवाई छायाचित्रणाची परवानगी आहे का, हे उडण्याआधीच विचारून घ्या.